कै. ताराबाई मोडक : उतारवयातील सेवेचे एक चरित्र

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत संतांची व मिशनऱ्यांची चरित्रे यावीत, हा आपल्याकडील जुना आणि योग्य परिपाठ होय. तो थोडासा मोडून मी येथे अशा एका बाईचे चरित्र देत आहे, की ज्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, आपल्या वेदीसमोर ज्यांनी कधी गुडघे टेकले नाहीत, आणि तरीही ज्यांनी आपल्याच ह्या डहाणूच्या मातीत, आपल्याच पाड्यांतील लेकरांसाठी आपले उतारवय वेचिले. कोसबाडच्या ताराबाई मोडक ह्यांचे नाव वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहे. तरुणांपैकी किती जणांस असेल ह्याची मला शंका वाटते.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या धर्मग्रामात साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. कोणी शाळेतून निवृत्त झाले, कोणी रेल्वेतून, कोणी वीजकेंद्रातून, कोणी इस्पितळातून. अंगात बळ आहे, हाती विद्या आहे. परंतु काम नाही. आम्ही धर्मगुरू त्यांना बहुधा सणाच्या दिवशी पुढची खुर्ची देतो आणि त्यांचा मान राखिला असे समजतो. पवित्र शास्त्र मात्र म्हाताऱ्या माणसांना असे बसवून ठेवीत नाही. अब्राहामाने हारान सोडिले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता; मोशे फारोपुढे उभा राहिला तो ऐंशीव्या वर्षी; आणि मंदिरात बाळ येशूला ओळखिले ते चौऱ्यायशी वर्षांच्या हन्नाने व वृद्ध शिमोनाने. ताराबाईंचे चरित्र ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे होते, आणि त्यांनी उमाबाई ह्या विधवेशी विवाह केला होता. त्या काळी उच्चवर्णीय घरात असे लग्न करणे म्हणजे नातलगांच्या ओसरीचे दार आपल्या हाताने लावून घेणे होते. अशा घरात वाढलेल्या मुलीस लोक काय म्हणतील ह्याची भीती फारशी उरली नाही, ह्यात नवल नाही. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या व तेथे अध्यापन करू लागल्या. परंतु तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली पतीपत्नी विभक्त झाली. विवाहबंधनाविषयी आपल्या धर्मसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. तथापि शंभर वर्षांपूर्वीच्या एका दुःखाचा न्यायनिवाडा करण्यास येथे आपणांस कोणी बसविलेले नाही. पदरी एक लहान मुलगी, जवळ स्वतःची विद्या, आणि पुढे सारे आयुष्य, अशी तिशीच्या उंबरठ्यावर त्यांची स्थिती होती.

त्यानंतर राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. ते पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून गणल्या जातात. पगार चांगला, मान मोठा. ही नोकरी त्यांनी थोड्याच काळात सोडून दिली व १९२३ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांच्या हाताखाली काम पत्करिले. गिजुभाई हे मूळचे वकील. त्यांनी वकिली टाकून १९२० साली तेथे बालमंदिर काढिले होते, आणि मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मिशावाली आई असे कौतुकाने म्हणत. तेथे जी पद्धती चाले ती रोमच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी ह्यांची.

येथे कॅथलिक वाचकांनी क्षणभर थांबावे. ही माँटेसोरीबाई आपल्या पंथाची. रोममधील सान लोरेन्झो नावाच्या दरिद्री वस्तीत तिने आपले पहिले बालगृह उघडिले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी. पुढे बार्सिलोना येथे तिने मुलांसाठी लहान बांध्याचे प्रार्थनामंदिर केले व मुलांकडून गहू आणि द्राक्षे पिकवून घेऊन पवित्र मिस्सेचा अर्थ त्यांच्या हातांना शिकविला. रोमच्या गरिबांसाठी निघालेली ही विद्या भावनगरात आली, भावनगराहून दादरास आली, आणि दादरावरून आपल्या बोर्डीच्या किनाऱ्यास लागली. तिचा हा प्रवास घडविणाऱ्यांत ताराबाई प्रमुख होत.

भावनगरची नऊ वर्षे त्यांच्या आयुष्यातील शिकण्याची वर्षे म्हणता येतील. १९२६ साली गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, शिक्षणपत्रिका चालविली आणि पुढे १९३३ पासून ती मराठीतही काढिली. मुंबईस परतल्यावर १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. बालशिक्षिकांस तयार करण्याचे कामही तेथेच चाले. १९३९ साली गिजुभाई वारले आणि संघाचा भार ताराबाईंवर आला. त्याच वर्षी स्वतः माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या. तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते! महायुद्धामुळे त्यांना येथे सात वर्षे राहावे लागले, आणि इटलीच्या नागरिक म्हणून सरकारी निर्बंध सोसूनही त्या ठिकठिकाणी शिक्षक तयार करीत राहिल्या. म्हातारपण हे कामाच्या आड येत नाही ह्याचा दुसरा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

दादरचा शिशुविहार नावारूपास आला. परंतु तेथे येणारी मुले कोणाची? नोकरदारांची, वकिलांची, सुखवस्तू घरांची. माँटेसोरीची साधने सुबक व मोलाची. घडीव लाकडाचे ठोकळे, मोजून मापून केलेले मनोरे, रंगीत रेशमी दोऱ्यांच्या पट्ट्या. ज्या घरी दोन वेळची आंबील नाही त्या घरच्या पोराने ही साधने कोठून पाहावी? ताराबाईंच्या मनाला हा प्रश्न लागून राहिला. इकडे तुरुंगातून सुटल्यानंतर गांधीजींनी आपल्या नयी तालीमेची व्याप्ती वाढवून, शिक्षण हे जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंतचे आहे असा विचार मांडिला होता, आणि सेवाग्राम येथे १९४५ च्या आरंभी त्यावर परिषदही भरली होती. खेड्यातील लहान मुलांसाठी स्वस्त व देशी असे शिक्षण कोणी तरी उभे करावयास हवे होते. ताराबाईंनी ते अंगावर घेतले. दादरचे मांडलेले काम इतरांवर सोपवून १९४५ च्या अखेरीस त्या डहाणू भागातील बोर्डीस आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वय त्रेपन्न. माझेही वय त्याच्या आसपास आहे, आणि बदलीचा हुकूम आला की आम्हांस प्रथम पाठदुखी आठवते हे मी जाणतो. त्यांना कोणाचा हुकूम नव्हता.

त्या वर्षी आपला मुलूख कसा होता हे सांगितल्याखेरीज ह्या कृत्याचे मोल कळणार नाही. समुद्राकाठी नारळी, चिकूच्या वाड्या, पारशी व इराणी बागायतदार. आणि आत, पूर्वेकडे, जंगलाच्या कडेने वारल्यांचे पाडे. जमीन सावकाराची, गवत व्यापाऱ्याचे, झाड सरकारचे. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी घेतलेल्या खावटीचे धान्य सव्याने दीडीने फेडता फेडता माणूस म्हातारा होई. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाच्या घरी राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. वेठ तर नित्याचीच होती. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली, आणि गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार नाकारिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच जण मरण पावले. ताराबाई आल्या त्या ह्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. पांढऱ्या कपड्याचा कोणीही माणूस पाड्याकडे येताना दिसला, की आया मुलांना घेऊन रानात पळत, अशी ती वेळ होती.

बोर्डीस गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, आणि आचार्य भिसे ह्यांच्यासारखा आदिवासींचा कळवळा असलेला पुरुष तेथे काम करीत होता. त्यामुळे ताराबाईंना टेकावयास जागा मिळाली. त्यांच्या मदतीस आल्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या ह्या बाई तेराव्या वर्षी विवाह होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या होत्या. शिकून शिक्षिका झाल्या होत्या आणि आता पस्तीस वर्षांच्या होत्या. ह्या दोघींचे नाते गुरुशिष्येचे, मायलेकीचे, आणि कामाच्या दोन बैलांचे असे तिन्ही प्रकारचे होते.

आरंभीचा अनुभव निराशेचा आला. बालवाडी उघडली, गावातील मुले आली, परंतु हरिजनवाड्यातील व पाड्यांवरील मुले फिरकेनात. बोलावणी केली तरी येत ना. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळीत, गुरे राखीत, सरपण आणीत. आईबाप मजुरीस गेलेले. मुलाला शाळेत पोचविणार कोण? अशा वेळी शिक्षक बहुधा पालकांच्या अडाणीपणास दोष देऊन मोकळे होतात. ताराबाईंनी दोष शाळेला दिला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारी जावे, असे ठरले. शिक्षिका एका झोळीत सामान घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्याच्या अंगणात, झाडाच्या सावलीत, सारवलेल्या जागेवर मुले जमू लागली. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. हा शब्द आज देशभर सर्वांच्या तोंडी आहे. त्याची नाळ आपल्या बोर्डीच्या अंगणात पुरली आहे.

झोळीत काय असे? प्रथम फणी, साबण, तेलाची बाटली, नखे कापावयाची कात्री. आधी मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावे, खरूज असल्यास औषध लावावे, मग गाणे, मग खेळ, मग गोष्ट. रोमच्या मोलाच्या साधनांच्या जागी समुद्राकाठचे शिंपले, नदीतले गोटे, चिंचोके, गुंजा, बांबूच्या कांड्या, मातीचे गोळे, झाडांची पाने आली. मोजणे चिंचोक्यांनी, रंग पानाफुलांनी, लहानमोठेपणा बांबूच्या तुकड्यांनी. माँटेसोरीचे तत्त्व जसेच्या तसे राहिले: मूल आपल्या हातांनी आणि इंद्रियांनी शिकते, आणि शिक्षकाने त्याच्या वाटेत उभे राहू नये. खर्च मात्र जवळजवळ नाहीसा झाला. माझ्या मते ताराबाईंच्या बुद्धीचे सर्वांत मोठे काम हेच होय. परक्या देशातील चांगली गोष्ट उचलणे सोपे. तिचा जीव राखून तिचे कपडे बदलणे कठीण. आपण मिशनच्या लोकांनीही ह्या भागात हे नेहमीच साधिले आहे असे नाही.

ह्याच काळात काही वर्षे त्या मुंबई विधिमंडळाच्या सभासदही होत्या. परंतु त्या पदाची झूल त्यांच्या अंगावर फार दिवस राहिली नाही, आणि तिची त्यांना गरजही नव्हती.

बोर्डीस बारा वर्षे झाली. केंद्राचे नाव झाले, पाहुणे येऊ लागले, प्रशिक्षणासाठी बाया येऊ लागल्या. आता तरी बाईंनी दादरास परतून स्वस्थ बसावे असे कोणासही वाटले असते. त्याऐवजी १९५७ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठची बोर्डी सोडली व संपूर्ण आदिवासी मुलखात, कोसबाडच्या टेकडीवर, आपले बिऱ्हाड हलविले. सरकारी नोकर ज्या वयात निवृत्तिवेतन घेऊन बरीच वर्षे झालेली असतात, त्या वयात ही बाई नवे घर मांडीत होती, आणि तेही अशा ठिकाणी, की जेथे त्यांचे पुस्तकी मराठी कोणास कळत नव्हते. मुलांची वारली बोली आधी शिक्षिकांनी शिकावयाची, असा तेथील नियम झाला.

कोसबाडास विकासवाडी उभी राहिली. तान्ह्या मुलांचे पाळणाघर, त्यावरची बालवाडी, आणि त्यापुढची प्राथमिक शाळा, ही तिन्ही एकाच आवारात आणल्याने थोरल्या बहिणीला धाकट्या भावासाठी घरी राहावे लागेना. त्याला पाळणाघरात ठेवून ती शेजारच्या वर्गात बसे. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी मात्र हाही उपाय पुरेना. गुरे सोडून तो शाळेत आला तर मालक मारील आणि घरची चूल विझेल. तेव्हा शिक्षक त्याच्यामागे कुरणात गेला. गुरे चरत आहेत, पोरे झाडाखाली बसली आहेत, फांदीला फळा टांगला आहे, अशी ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालत. गवतकापणीचा हंगाम आला की पाडेच्या पाडे ओस पडत आणि महिनोन्महिने जमविलेली मुले आईबापांबरोबर निघून जात. ती परतली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. हे काम करणाराचे मन किती वेळा मोडत असेल ह्याची कल्पना, ज्यांनी आपल्या पाड्यांवर धर्मशिक्षणाचे वर्ग चालविले आहेत, त्या आपल्या प्रचारक बंधूंना चांगली येईल.

ताराबाईंच्या कामावर एक आक्षेप घेतला जातो, तो सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्याची जमीन गेली त्याच्या पोराला चिंचोक्यांनी गणित शिकवून काय होणार, असा तो आक्षेप. गोदावरीबाईंनी वारल्याला ताठ उभे राहण्यास शिकविले, ताराबाईंनी त्याच्या मुलांचे केस विंचरले, अशी तुलना कोणी करितात. वेठबिगार मोडली ती वारल्यांच्या एकीने व गोदावरीबाईंच्या धैर्याने, हे निर्विवाद आहे, आणि ज्याला ते जाणून घ्यावयाचे असेल त्याने त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक अवश्य वाचावे. परंतु वेठीतून सुटलेल्या बापाच्या मुलाला सावकाराच्या वहीतला आकडा वाचता येत नसेल, तर ती सुटका किती टिकेल? दोन्ही कामे एकमेकांस पूरक होती, जरी ती करणाऱ्या बायका दोन निराळ्या वाटांनी चालल्या. तलासरीच्या ज्ञानमाता सदनातही येशूसंघीय फादरांनी शाळा व वसतिगृह चालविले ते ह्याच जाणिवेने.

येथे थोडे विषयांतर करितो. ताराबाई कोसबाडास होत्या त्याच सुमारास जगात अन्यत्रही वृद्धांच्या सेवेचा विचार सुरू झाला होता. अमेरिकेत १९६५ साली सरकारने एक योजना काढिली, तीत साठी उलटलेल्या गरीब स्त्रीपुरुषांना अनाथ व आजारी मुलांचे मानलेले आजीआजोबा म्हणून नेमण्यात येई. १९६६ साली लिलियन कार्टर नावाची अडुसष्ट वर्षांची विधवा परिचारिका पीस कोर ह्या स्वयंसेवक दलातून आपल्या मुंबईजवळ विक्रोळीस आली व सुमारे दोन वर्षे तेथील दवाखान्यात तिने गरिबांची शुश्रूषा केली. तिचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून तिचे नाव झाले. एरवी कोणी विचारले नसते. त्या देशात अशा कामास सरकार प्रवासखर्च देते, थोडासा भत्ता देते, काम शिकवून धाडते. हे योग्यच आहे. केवळ उत्साहावर म्हाताऱ्या माणसास डोंगर चढावयास लावणे हा धर्म नव्हे. ताराबाईंनीही ही गोष्ट ओळखिली होती. त्यांनी सारे काम आपल्या अंगावर कधीच ठेविले नाही. स्थानिक मुली व बाया तयार करणे, त्यांच्या हाती वर्ग सोपविणे, आणि आपण मागे राहून पाहणे, लिहिणे, चुका दाखविणे, अशी त्यांनी आपल्या वयाला शोभेल ती वाटणी केली. अंगमेहनतीचा भाग अनुताईंचा. अनुभवाचा भाग ताराबाईंचा. ज्येष्ठांच्या सेवेची योजना करणाराने हा बारकावा ध्यानात ठेविला पाहिजे. तरुणाने करावयाचे काम म्हाताऱ्याकडून करवून घेतले तर तो थकतो, आणि त्याच्याजवळ जे आहे ते कोणी मागितलेच नाही तर तो खचतो.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी दिली. त्यानंतरही त्यांचे लिहिणे व शिकविणे चालू राहिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्या निवर्तल्या. योगायोग असा, की ३१ ऑगस्ट हा माँटेसोरीबाईंचा जन्मदिवस. बोर्डीस पाऊल ठेविल्यापासून अट्ठावीस वर्षे, म्हणजे त्यांच्या कर्त्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग, पन्नाशीनंतरचा आहे.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांस नाव दिले अंगणवाडी. ताराबाईंनी ते पाहिले नाही. अनुताईंनी पाहिले. कोसबाडची टेकडी त्यांनी सोडली नाही. गुरूच्या मागे एकोणीस वर्षे त्यांनी विकासवाडी चालविली, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिले, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी, ब्याऐंशी वर्षांच्या असताना, तेथेच देह ठेविला.